छत्तीस नंबरची दाढ

वयाच्या ६४ व्या वर्षी मी पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे गेले. इतकी वर्षं का गेले नाही, असं कुणी विचारलं की मी ‘भीती’ म्हणून मोकळी होते. खरं कारण आईची कवळी.

आई खेड तालुक्यातली, मिश्री लावणारी. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, तळहातावर चुरायची आणि सकाळी ओट्याशी उभी राहून बोटाने दातांवर घासत बसायची. दाढ ठणकली की गावाकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घ्यायचे. मग वाटीत पडलेलं काहीबाही दाखवून आजी म्हणायची, ‘बघ, किडा पडला.’ किडे पडत राहिले आणि दातही. पन्नाशीला आईच्या तोंडात एक दात उरला नव्हता. पुढची पंचवीस वर्षं ती कवळीने भाकरी खात होती. ती गेली त्या दिवशी दौलतनगरच्या स्मशानातून घरी आलो, तर मोरीच्या फळीवर स्टीलच्या पेल्यात, पाण्यात कवळी तशीच. हसल्यासारखी. कुणालाच टाकवेना. शेवटी मीच ती पुसून हळदी-कुंकवाच्या जुन्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटात. आम्ही बौद्ध. पिंड नाही, कावळा नाही, श्राद्ध नाही. पण अकरा वर्षं झाली, डबा कपाटातच आहे.

तर या मे महिन्यात माठातलं पाणी प्यायले आणि डाव्या बाजूला खाली अशी कळ गेली की पेला हातातून सुटला. ‘हे’ पेपर वाचत होते. निवृत्तीनंतर ह्यांनी दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर केलं आहे, तेव्हापासून घरात प्रवचनाला तोटा नाही. म्हणाले, ‘अगं, दुखतंय ते कुणाचं, ते जरा बघ.’ नव्या श्रामणेराला, म्हणजे उमेदवार भिक्खूला, पहिल्याच दिवशी शरीराचे पाच भाग ध्यानासाठी देतात : केस, लव, नखं, दात, त्वचा. यातलं एकही ‘मी’ नाही, हे पाहायचं. दात चौथा. मी म्हटलं, ‘तुम्ही आधी मीठपाणी आणा. मग बघू कुणाचं ते.’

लेकीने अपॉइंटमेंट घेतली. बोरिवली पूर्वेला, स्टेशनकडच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली फरसाणवाला, वर दातांचा डॉक्टर. दोघांचंही बरं चाललेलं. जाताना माझा समज असा, की खुर्चीत बसवतील, सुई टोचतील आणि चिमट्याने दाढ उपटून हातात देतील. म्हणून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. हा पहिला मूर्खपणा. डॉक्टर मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. ती म्हणाली, ‘काकू, आज मी काहीच करणार नाही. फक्त बघणार. आणि उपाशी का आलात?’

आधी एक फॉर्म. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, हाडांसाठीची गोळी, कशाची अॅलर्जी, तंबाखू, मिश्री. दातांचा नि हाडांच्या गोळीचा काय संबंध, असं मनात आलं. पण त्यातल्या काही गोळ्यांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो, म्हणून आधीच विचारतात. बीपीच्या गोळीचं नाव मला आठवेना. लेकीला फोन केला, तेव्हा कळलं की मी जी घेते तिच्याने हिरड्या सुजूही शकतात. म्हणजे चार वर्षं मी ‘ब्रश कडक आहे’ म्हणत होते ते उगाचच.

मग खुर्ची. ती मागे जाते तेव्हा पाय वर येतात आणि वरचा दिवा तोंडावर येतो. छोटा आरसा, एक वाकड्या टोकाची सळई, आणि दुसरी बोथट, बारीक रेघा आखलेली. ही दुसरी हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून डॉक्टर खोली मोजत होती आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत होती : दोन, तीन, दोन, तीन, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा. जन्मभर मुलांच्या पेपरांना आकडे दिले, आता माझ्या तोंडाला मिळत होते.

नंतर तिने थंड केलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावला. बाकीच्यांना गार लागलं आणि गेलं. त्या दाढेला लागलं आणि जाईचना. ‘किती वेळ राहतंय ते महत्त्वाचं,’ ती म्हणाली. मग एक्स-रे. पडद्यावर माझी दाढ : पांढरी, दोन मुळांची, वरून खाली उतरलेली काळी पोकळी, आणि ती जवळपास नसेला टेकलेली. किडा कुठे दिसेना. किडा नसतोच, तिने सांगितलं. तोंडातले जंतू साखर खातात, आम्ल सोडतात आणि दात विरघळतो. आजीच्या वाटीत मग काय पडायचं कोण जाणे.

कागदावर तिने लिहिलं : ३६. मी विचारलं, माणसाला दात ३२, हा छत्तिसावा कुठून आला? तर ती मोजदाद वेगळी. तोंडाचे चार भाग करतात. खालचा डावा तिसरा, आणि मधल्या रेषेपासून सहावा दात, म्हणून तीन-सहा. असे आकडे ४८ पर्यंत जातात. माझा आणि या दाढेचा छत्तीसचा आकडा होता, हे एवढ्या शास्त्रशुद्धपणे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, ‘भगवंतांना ४० होते.’ खरंच, दीघनिकायात महापुरुषाची जी ३२ लक्षणं दिली आहेत त्यांत चाळीस दात आहेत. फट नसलेले. आणि ते कशामुळे, तर मागच्या जन्मांत चहाडी केली नाही, माणसामाणसांत फूट पाडली नाही, म्हणून. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या माझ्यासारखीला असले चमत्कार गिळवत नाहीत. पण ज्याने फूट पाडली नाही त्याच्या दातांत फट नाही, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मास्तरकीत ठेवला असता.

मला छळत होतं ते वेगळंच. दाढ काढायची की रूट कॅनाल करून ठेवायची, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, ‘नको, ठेवा.’ हे कोण बोललं? ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद मी कितीदा वाचला असेल. राजा विचारतो, केस म्हणजे नागसेन का? नखं का? दात का? भिक्खू प्रत्येकाला नाही म्हणतो. वाचताना मीही मान डोलवते. आणि खुर्चीत उताणी पडल्यावर, छत्तीस नंबरवर बोट येताच माझी मान उलटी हलली.

एकटी मी नाही. अख्खी राज्यं दातापायी वेडी झाली. श्रीलंकेत कँडीच्या मंदिरात बुद्धाचा दात पूजला जातो. त्याच कँडीला १९५० च्या मे महिन्यात बौद्धांच्या परिषदेला बाबासाहेब गेले होते. १५६० साली पोर्तुगीजांनी जाफन्यात असा एक दात लुटून गोव्याला आणला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने त्याच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली, पण पाद्र्यांनी तो खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली. पोर्तुगीजांनीच हे लिहून ठेवलं आहे. सिंहली लोक म्हणतात, खरा दात त्यांच्या हाती लागलाच नव्हता. माझी अडचण खऱ्याखोट्याची नाही. दात म्हणजे मी नव्हे असं शिकवणाऱ्याचाच दात माणसं शतकानुशतकं भांडून जपतात, कुटणारे त्यालाच घाबरून कुटतात, हे काय आहे? आणि ६ डिसेंबरला दादरला बाबासाहेबांच्या अस्थींपुढे रांगेत मीही असतेच की.

नागसेनाकडे याच्या जवळ जाणारं एक उत्तर आहे. मिलिंद त्याला विचारतो, भिक्खूंना शरीर प्रिय असतं का? नाही. मग ते त्याची एवढी निगा का राखतात? नागसेन उलट विचारतो, लढाईत तुला बाण लागला तर जखमेला लेप लावतोस, मऊ पट्टी बांधतोस. म्हणजे जखम तुला प्रिय आहे का? शरीर जखमेसारखं आहे. प्रेम नाही, पण निगा हवी. विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरायला सांगितलं, तेही माप देऊन : आठ बोटांपेक्षा लांब नको, चार बोटांपेक्षा आखूड नको. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर नॅशनल पार्क, आणि त्याच्या आत कान्हेरी. तिथे जवळजवळ गुंफेगणिक पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. शेकडो वर्षं तिथे रोज सकाळी कुणीतरी त्या पोढीच्या काठी बसून, आपला नसलेला दात घासत असणार. हे चित्र मला फार आवडतं.

म्हणून दाढ ठेवणार आहे. आवडते म्हणून नाही, दुखते म्हणून. पुढच्या मंगळवारी साडेपाचला पहिली सिटिंग, एकूण तीन, मग कॅप. तुमची पहिली खेप असेल तर जेवून जा, आणि गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, नावं आठवत नाहीत.

कवळीचं मात्र नागसेनाच्या उत्तरात बसत नाही. ती जखम नाही, तिला लेप नको, ती कुणाला दुखत नाही. काल डबा काढला. वरच्या बाजूला, पुढच्या दोन दातांच्या मधे, मिश्रीची काळी रेघ अजून आहे. जुन्या ब्रशने घासून पाहिली. निघाली नाही. परत ठेवली.