वेडावणे

मराठीतले 'वेडावणे' हे क्रियापद मला फार निर्दय वाटते. एखाद्याची चाल, बोलण्याची लकब, मानेचा झटका उचलायचा आणि त्याच्याच तोंडावर करून दाखवायचा. गल्लीतली पोरे लंगड्यामागून लंगडत जातात. आणि ज्याला 'येरवड्याला पाठवायला हवे' असे आपण सहज बोलून जातो, त्याचे तर उठणे-बसणेही हसण्याचा विषय होते.

परंतु हीच कृती एका बाईंनी उपचार म्हणून केली. मॅरियन चेस या वॉशिंग्टनमधील नर्तकी व नृत्यशिक्षिका. १९४२ साली त्या तेथील सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम करू लागल्या. मनोविकारांवरची नवी औषधे यायला तेव्हा अजून दहाएक वर्षे होती. कित्येक रुग्णांनी बोलणेच टाकले होते. चेसबाई त्यांना नाच शिकवीत नसत. कोणी जागच्या जागी झुलत असेल, तर ती लय त्या आपल्या अंगात घेत आणि त्याच्याशेजारी तशाच हलत. मग संगीताच्या आधाराने आणखी माणसे येत, रिंगण होई. नृत्योपचार नावाच्या विद्येचा एक पाया येथे घातला गेला. १९६६ साली अमेरिकेत या उपचारकांची संघटना निघाली, तेव्हा पहिल्या अध्यक्ष चेसबाईच झाल्या.

दोन्हीकडे उचल दुसऱ्याच्या हालचालीचीच. मग एक पाप आणि दुसरी सेवा, हे कशाने ठरते? हेतूने, असे कोणी म्हणेल. पण रुग्णाला हेतू दिसत नाही, समोरचे अंग तेवढे दिसते. मला फरक तेथेच आढळतो. वेडावणाऱ्याची नजर हसणाऱ्यांकडे असते. रिंगणात हसणारा बाहेर उभाच नसतो. वेडावणारा हालचाल घेतो आणि टाकून देतो. चेसबाई ती घेऊन थांबतात, तिच्यातून पुढे काही फुटेल म्हणून वाट पाहतात.

तरीही एक शंका उरते. रुग्णाने त्यांना बोलावले नव्हते. संध्याकाळी त्या घरी जात, तो कुलुपाआड राही. त्याच्याजवळ उरलेल्या एकुलत्या खाजगी गोष्टीत, त्याच्या झुलण्यात, शिरण्याचा हक्क कोणाला? यावर मला एकच उत्तर सुचते. औषध जबरीने पाजता येते, नाच पाजता येत नाही. रुग्णाने पाठ फिरवली की उपचारकाने थांबायचे, एवढे पथ्य पाळले तर त्याचा नकार शाबूत राहतो. ज्याचे सारे काढून घेतले आहे, त्याला नकार उरणे ही लहान गोष्ट नव्हे.

वेड्याला आपण म्हणतो, आमच्यासारखा नीट वाग. चेसबाईंनी क्रम उलटा केला: आधी शहाण्याने त्याच्यासारखे हलायचे. यात शहाण्याची थोडी अब्रू जाते. ती जाऊ देण्याची तयारी नसेल, तर त्याला नीट वागायला सांगण्याचा आपला अधिकार मला कच्चा वाटतो.