यात्रा, मद्य आणि माळरान : विवेकाचा एक जुना प्रश्न

हैदराबादच्या बेगम बाजारातून सोलापूरकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबाची वाट जहीराबाद, हुमनाबाद आणि नळदुर्ग या गावांवरून जाते. आजच्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर किंवा त्यापासून थोड्या अंतरावर माणिकप्रभूंचे माणिकनगर, बसवेश्वरांचे कल्याण, बोरी नदीच्या पाण्यात उभा असलेला नळदुर्गचा पाणीमहाल, तुळजाभवानीचे तुळजापूर आणि सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य ही स्थळे आहेत आणि पुढे पंढरपूर आहे. १९५६ पर्यंत तुळजापूर व नळदुर्ग हैदराबाद राज्यातच असल्यामुळे कुलदेवतेच्या दर्शनाला जाणाऱ्या हैदराबादच्या मराठी माणसाला राज्याची सीमाही ओलांडावी लागत नसे. आता मोटारीने हाच प्रवास देवदर्शन, किल्ला, माळरानावरचे पक्षी आणि संध्याकाळची बैठक असा मिळून आखला जातो, आणि हैदराबादेत गेल्या दशकभरात उघडलेल्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर तयार करून विकणारी उपाहारगृहे, या आखणीत सहज सामावून गेली आहेत. अशा प्रवासाला यात्रा म्हणावे की सहल, आणि त्यातील मद्यपानाने यात्रेचे पुण्य खरोखर नष्ट होते का, हा प्रश्न घराघरांत चिडीने किंवा संकोचाने विचारला जातो. धर्मविचारात मात्र त्याची चर्चा फार पूर्वीपासून आणि बरीच सूक्ष्मपणे झालेली आहे.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे फल कोणाला मिळते हे सांगताना पुलस्त्य ऋषी सुखाचा निषेध करीत नाहीत. ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहेत त्याला ते फल मिळते, असे ते म्हणतात. या विधानात अंतराला किंवा वाहनाला स्थान नाही, शरीराला दिलेल्या कष्टालाही फारसे नाही. हातांचा संयम म्हणजे घेण्याची मर्यादा आणि पायांचा संयम म्हणजे कोठे पाऊल टाकावे याचे भान, असा अर्थ घेतला तर तीर्थयात्रा ही प्रथमतः वागणुकीची कसोटी ठरते. याच मार्गावरील कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या अनुयायांनी, स्थावर देवालयापेक्षा जंगमाला, म्हणजे चालत्याबोलत्या शिवभक्ताला, अधिक मान दिला. तीर्थाचे माहात्म्य सांगणारी परंपरा आणि ते नाकारणारी परंपरा या दोन्हींचा रोख अखेर माणसाच्या आचरणाकडेच आहे.

मद्याच्या बाबतीत धर्मग्रंथांची भूमिका वरवर पाहता परस्परविरोधी दिसते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान हे महापातक आहे आणि ब्रह्महत्येच्या पंक्तीत ते बसवलेले आहे. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र मांस, मद्य आणि मैथुन यांकडे जीवांचा ओढा स्वाभाविक असल्याने त्यांत दोष नाही, पण त्यांपासून दूर राहण्याचे फल मोठे आहे, असा आशय येतो. स्वाभाविक ओढ्याला प्रवृत्ती आणि जाणीवपूर्वक परावृत्त होण्याला निवृत्ती म्हणतात. टीकाकारांनी पाचव्या अध्यायातील सूट शास्त्रविहित प्रसंगांपुरती मर्यादित करून हा विरोध मिटवला. तो पूर्ण मिटतो असे मात्र म्हणता येत नाही, आणि तो मिटू नये हेच बरे, कारण प्रवृत्तीला पाप न म्हणता निवृत्तीला श्रेष्ठ म्हणण्यात माणसाविषयीची जी समज आहे ती नुसत्या बंदीत नसते.

हा विरोध ग्रंथात वाचण्यापेक्षा हैदराबादच्या आषाढात पाहावा. या एकाच महिन्यात या शहरातील मराठी वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालून, मद्यमांस वर्ज्य करून पंढरीची वाट धरतात, आणि याच महिन्यात गोवळकोंड्यापासून लाल दरवाजापर्यंत बोनालूचा उत्सव चालतो, ज्यात स्त्रिया हळदीकुंकवाने सजवलेले, कडुनिंबाचे डहाळे लावलेले मडके डोक्यावर घेऊन देवीला गूळभाताचा नैवेद्य आणि ताडीही अर्पण करतात. दुसऱ्या आसफजाहांच्या बेगम हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेल्या बेगम बाजारातून दोन्ही उत्सवांचे सामान जाते. हळदकुंकू, कापूर, नारळ, पितळी भांडी आणि गूळ या गल्ल्यांतूनच विकत घेतला जातो. बोनालूच्या मडक्यात पडणारा तोच पदार्थ, म्हणजे गूळ, शेजारच्या धूळपेठेत, जी वस्ती गणपतीच्या मूर्तींसाठीही तितकीच प्रसिद्ध आहे, एकेकाळी गुडुंबा नावाची हातभट्टीची दारू गाळण्यासाठी वापरला जाई, आणि त्या दारूने अनेक संसार उद्ध्वस्त केले. आंध्र प्रदेशात १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूविरुद्ध उभारलेल्या आंदोलनापुढे सरकारला नमावे लागले आणि १९९३ मध्ये अरक या देशी दारूवर बंदी आली. दारूच्या प्रश्नाचा निवाडा शास्त्रींच्या सभेपेक्षा या स्त्रियांनी अधिक स्पष्टपणे केला आहे, आणि कोणत्याही तात्त्विक चर्चेने त्यांच्या अनुभवाला बगल देता कामा नये.

तरीही देवीपुढे ठेवलेली ताडी आणि संसार बुडवणारी दारू एकच मानणे चुकीचे होईल. ताडी उतरवणारा गौड समाज रेणुका-यल्लम्मेला आपली देवता मानतो, आणि हीच रेणुका माहूरगडावर असंख्य मराठी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. शिंदीच्या झाडाच्या शेंड्याखाली खाच पाडून तेथे मडके बांधतात, आणि त्याच्या आतून चुना फासलेला असेल तर गोळा होणारा रस आंबत नाही व पहाटे गोड नीरा मिळते, पण चुना नसेल तर किण्वामुळे काही तासांतच त्यावर पांढरा फेस चढतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची आंबूस ताडी होते. या व्यवसायात झाड, ऋतू, वेळ आणि देवता यांची बंधने पेयाला चिकटलेली असतात, आणि बोनालूच्या विधीत ते पेय प्रथम दुसऱ्याला, म्हणजे देवीला, दिलेले असते. जेथे ही बंधने सुटतात तेथे काय होते, हे महाभारताने दोन कथांत सांगितले आहे.

पहिली कथा शुक्राचार्यांची आहे. असुरांनी त्यांच्या शिष्याला, कचाला, मारून जाळले आणि त्याची राख मद्यात कालवून गुरूला पाजली. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांसाठी मद्य निषिद्ध ठरवले. या निषेधामागे अपवित्रतेची कल्पना नसून आपलाच शिष्य आपण गिळला हे गुरूला कळले नाही, ही भीषण गोष्ट आहे. दुसरी कथा मौसलपर्वातील आहे, आणि येथे चर्चिलेल्या प्रवासाशी तिचे साम्य विलक्षण आहे. द्वारकेत मद्य तयार करण्यास देहदंडाच्या धाकाने बंदी घातलेली असताना यादव तीर्थयात्रेच्या निमित्ताने प्रभासला गेले, खाद्यपेयांची रेलचेल घेऊन गेले, समुद्रकाठी मद्य प्याले, जुनी उणीदुणी काढली आणि तेथील एरका नावाचे गवत उपटून एकमेकांवर तुटून पडले. शापामुळे त्या गवताच्या प्रत्येक काडीचे मुसळ झाले होते. यात्रा, मद्य आणि गवत अशी तिन्ही या कथेत एकत्र येतात, आणि ज्या संहाराने कुळ संपते तो परक्यांनी केलेला नसून पित्याला पुत्र आणि भावाला भाऊ न ओळखता आल्याने झालेला आहे. दोन्ही कथांचा दोषारोप एकच आहे. समोर कोण आहे याची ओळख हरपणे, म्हणजेच विवेकाचा नाश, हे खरे पातक आहे, आणि मद्य हे त्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

सर्वांत सोपे, पण एकमेव नव्हे. नान्नजचे माळरान याची साक्ष देते. १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या या प्रदेशात पवन्या, कुसळी यांसारखी गवते, काळवीट, लांडगा आणि माळढोक हा मोठा, जड, जमिनीवर चालणारा पक्षी यांचे घर होते. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते, आणि ते मातीच्या रंगात असे मिसळून जाते की गाडीच्या चाकाखाली येईपर्यंत दिसत नाही. कालव्याचे पाणी, ऊस, वीजवाहिन्या आणि शिकार यांमुळे देशभरात या पक्ष्याची संख्या आता दोनशेहूनही कमी उरली आहे आणि सोलापूरच्या माळावर तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. या ऱ्हासाला मद्यपींनी हातभार लावला असेल, पण मुख्य कारण पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसांची समजूत आहे. सरकारी दप्तरात माळरानाची नोंद पडीक म्हणून झाली, आणि पडीक जमिनीवर काहीच नसते असे सर्वांनी गृहीत धरले. अमेरिकेच्या मध्यभागातील उंच गवताच्या प्रेअरीचेही तेच झाले. मूळ प्रदेशाचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक राहिल्यावर, १९९६ मध्ये, कॅन्सस राज्यात तिचा एक तुकडा राष्ट्रीय संरक्षणाखाली आला. ज्या सातूपासून बिअर होते तो सातू आणि ज्या ज्वारीवर सोलापूर जगते ती ज्वारी ही दोन्ही गवतेच आहेत. गवताने पोसलेल्या माणसाने गवताळ भूमीलाच रिकामी म्हणणे हाही विवेकाचा नाशच आहे.

म्हणून यात्रा आणि सहल यांतील भेद मद्याच्या पेल्याने ठरत नाही. वाटेत भेटणारी देवता, माणूस, पाखरू आणि जमीन यांची ओळख त्या प्रवासात टिकते की नाही यावर तो ठरतो. वारकऱ्याची निवृत्ती श्रेष्ठ आहे, कारण ती ही ओळख जपण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. देवीला ताडी देणाऱ्या स्त्रीची भक्ती मात्र त्यामुळे कमी ठरत नाही. चालकाच्या बाबतीत असा कोणताही विकल्प उरत नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री करण्यास मनाई केली होती, जी पुढे काही ठिकाणी शिथिल झाली. धर्मविचाराचा कौल याहून कठोर असायला हवा. चाकाशी बसणाऱ्याने त्या दिवशी थेंबही घेऊ नये. आणि पावसाळ्यात, जेव्हा पंढरीची वाट वाहती असते तेव्हाच माळावरही पाखरांचा विणीचा हंगाम असतो, म्हणून आषाढात या मार्गाने जाणाऱ्यांनी छायाचित्रासाठी किंवा न्याहारीसाठी गाडी डांबरी रस्त्यावरून गवतात उतरवू नये.