पाटावर बसून बघा

एका लग्नात होमासमोर मांडलेल्या त्या दोन मखमली खुर्च्या तुम्हीही पाहिल्या असतील. या आठवड्यात त्या लग्नाचा व्हिडिओ पोहोचला नाही असा फोन नसावा. चर्चा झाली ती भटजींची. त्यांनी मंत्र गाळले, विधी उरकला, लाह्या भावाच्याच हातून अग्नीत टाकवल्या. मला भटजींचा राग आला नाही. समोरच्या मुलीला त्या घेरदार घागऱ्यात खाली बसता येत नव्हतं. ओंजळ पुढे केली असती तर ओढणीची जाळी थेट ज्वाळेवर गेली असती. त्यांनी करायचं तरी काय होतं?

राग आला तो त्या कपड्यांचा, आणि ते कौतुकाने घेऊन देणाऱ्या मोठ्या माणसांचा.

आपल्या लग्नात ऐकण्यापेक्षा करण्याचं जास्त असतं. मंत्र संस्कृतात असतात, मांडवातल्या फारच थोड्यांना कळतात. पण मांडी घालून पाटावर बसणं, गौरीहरापुढे वाकणं, आईवडिलांच्या हातावरून आलेलं पाणी आपल्या हातावर घेणं, सहाणेवर पाय ठेवणं, तांदळाच्या सात राशींवर उजवं पाऊल टाकत जाणं, हे सगळं अंगाने करायचं असतं. ते ज्याचं त्यानेच करायचं. ज्या कपड्यात यातलं काहीच करता येत नाही तो कपडा कितीही महाग असो, लग्नाचा नव्हे.

कायदासुद्धा पावलांकडेच बघतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं की ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. हे विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ग्राह्य धरलं नाही, आणि लग्न म्हणजे नुसतं नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे असंही बजावलं. आता त्या व्हिडिओतली सप्तपदी आठवा. दोन करवल्यांनी दोन्हीकडून घेर उचलून धरलाय, मुलगी अंदाजाने सरकतेय, आणि पाऊल राशीवर पडलं की बाजूला, ते तिलाही दिसत नाही.

यावर उत्तर तयार असतं: ‘आयुष्यात एकदाच तर असतं!’ फोटो, फॅशन, सासरची हौस ही कारणं निदान वाद घालण्यासारखी तरी आहेत. या एका वाक्यापुढे मात्र घरातली शहाणी माणसं गप्प बसतात. एकदाच असतं म्हणून नागपूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळिसावर असताना, मखमल. एकदाच असतं म्हणून मुलीने सकाळपासून पाणी प्यायचं नाही, कारण तो घेर घेऊन न्हाणीघरात जायचं तर मदतीला दोघी लागतात. एकदाच असतं म्हणून खांद्यावर पिनांची रांग. मग शालूच्या पदराशी उपरण्याची गाठ बांधायची वेळ आली की कापड ओढलं जातं, पिना टोचतात, आणि शेवटी गाठसुद्धा पिनेनेच अडकवली जाते. एकदाच असतं म्हणून आजीने गुडघे दुखत असताना उभं राहायचं, कारण तिने नवरीजवळ बसावं तर घागरा फुलवणारा कॅनकॅन चुरगळतो.

हे वाक्य बोलणाऱ्यांना मला विचारायचं आहे की एकदाच काय असतं? तसला घागरा संध्याकाळीही घालता येतो, धाकट्या बहिणीच्या लग्नातही घालता येतो. लाह्या एकदाच असतात. ती सात पावलं एकदाच असतात. आईच्या हातावरून ओघळणारं पाणी एकदाच असतं, आणि त्या क्षणी मुलगी मनात विचार करत असते तो कमरेचा हूक सुटेल का याचा. आणि जी मंडळी हा भार वाहतात त्यांचं तर एकदाच नसतं. मुहूर्तांच्या दिवसांत पार्लरच्या मुली रोज पहाटे चारला उठून नव्या नवरीला टाचण्या लावतात. भटजी मुहूर्त सांभाळत ताटकळतात. आपली हौस दुसऱ्याच्या कंबरेवर पडते हे ‘एकदाच’ म्हणणाऱ्याने एकदा तरी मोजावं.

आगीचं तर बोलायलाच हवं. पॉलिस्टरची जाळी पेटली की वितळते आणि कातडीला चिकटते. केसांवर मारलेला स्प्रे ज्वालाग्राही असतो, तसं डब्यावरच लिहिलेलं असतं. रेशीम त्या मानाने हळू जळतं, ज्वाळेपासून दूर केलं की बहुधा विझतं. होमाला रेशमी कद नेसणाऱ्या जुन्या माणसांचं लक्ष सोवळ्यावर होतं हे खरं, पण त्यांचं अंग त्याने सुरक्षित राहिलं हेही तितकंच खरं.

आणि आपल्याकडे नऊवारी आहे. सुमारे आठ मीटर कापड, मागे काष्टा, पाय मोकळे. याच नेसणीत कोळणींनी पाट्या वाहिल्या, शेतातल्या बायांनी भातं लावली, खुरपणी केली. मांडी घाला, वाका, चाला, ती सुटत नाही, आणि नीट नेसवली तर एक पीन लागत नाही. अनेक घरांत मामा पिवळी साडी आणतो, ती तर अशीच हलकी असते. कुणाला नेसता येत नसेल तर शिवलेली नऊवारी घ्यावी, नाडी ओढली की झालं. माझं वैर फक्त पिनांशी आहे.

होमच नको असेल तर तेही सरळ करावं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीशिवाय, साध्या खर्चात लग्नं लागू लागली. ती वाट दीडशे वर्षं मोकळी आहे, नोंदणी विवाहाचीही आहे. तिथे कुणी सहाणेवर पाय ठेवायला सांगत नाही. पण होम मांडायचा, अग्नीला साक्षीला बोलवायचं आणि त्याच्याजवळ जायचं मात्र नाही, हा अग्नीचाही अपमान आणि फुल्यांचाही.

संध्याकाळच्या स्वागत समारंभात काय वाट्टेल ते घाला, मी टाळ्या वाजवीन. सकाळच्या कपड्यांसाठी मात्र दुकानात जाताना घरातला पाट बरोबर न्या. दुकानदाराच्या आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. खाली बसा, हात पुढे करा, आधाराशिवाय उठा आणि सात पावलं चाला. आणि हे नुसतं मुलींना सांगून थांबणार असाल तर सांगूच नका. त्या व्हिडिओत खुर्ची आधी मागितली ती नवरदेवाने, चुडीदार उसवेल म्हणून.