आपल्या कन्यांनी कोणते काम पाहिले आहे?

(मननाकरिता: प्रेषितांची कृत्ये १८:१-३)



पौल करिंथास आला तेव्हा अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याच्या घरी राहिला, कारण त्यांचा व त्याचा धंदा एकच, म्हणजे राहुट्या करण्याचा होता. ज्या प्रिस्किल्लेने पुढे पतीसह अपुल्लोसासारख्या विद्वानास देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, तिचे हात कष्टास सरावलेले होते. हाताचे कसब आणि वचनाचे ज्ञान ही तिच्या ठायी एकत्र नांदत होती.

आता आपल्या अजिंठ्याच्या परिसराकडे पाहू. शाळा सुटल्यावर आपली कन्या काय पाहते? चूल, धाकटी भावंडे व कापसाचे शेत. ही कामे हलकी नव्हेत. परंतु दुसरे कोणतेही काम तिने जवळून पाहिलेच नाही, तर तिने इच्छा कशाची करावी? “पुढे काय करशील?” असे विचारताच ती मान खाली घालते. ही बुद्धीची उणीव नव्हे, पाहण्याची उणीव होय. मग दहावी संपते, आणि तिचे उत्तर येण्याआधीच लग्नाची बोलणी सुरू होतात.

पाहून शिकणे ही गोष्ट आपल्या डोंगरास नवीन नाही. सन १८७२ पासून १८८५ पर्यंतच्या काळात जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांस घेऊन ह्याच लेण्यांत भित्तिचित्रांच्या नकला करीत असत. गुरूच्या शेजारी बसून त्या तरुणांचा हात वळला. तो लाभ तेव्हा मुंबईच्या तरुणांस मिळाला. पायथ्याच्या गावांतील कन्यांस तसा लाभ कोण देईल?

पंडिता रमाबाईंनी ह्याचे उत्तर कृतीने दिले. सन १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींस केडगावी मुक्ती सदनात आसरा दिला. तेथे केवळ अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शिवण, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, अशी नाना कामे मुली तेथे शिकल्या. रमाबाई १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही ह्याच सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून छापलेले. दुष्काळाने ज्यांस टाकून दिले, त्यांच्याच हातून वचन घरोघर गेले!

आज सरकारही दार उघडीत आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले आहे. परंतु दाराआड काय आहे हे जिला ठाऊक नाही, ती आत पाऊल कशी टाकील?

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. आपल्या मंडळीतील आठवीपुढील कन्यांची यादी करा. आरोग्य केंद्रातील परिचारिका, टपाल कचेरी, बँक, शिवणयंत्र चालविणारी बाई, फर्दापुरास येणाऱ्या प्रवाशांस माहिती सांगणारे वाटाडे, ह्यांस भेटून परवानगी मागा. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक दिवस दोघी दोघींस, एका वडीलधाऱ्या बाईसह, तेथे पाठवा. हे काम किती वर्षांत शिकता येते, खर्च किती, मिळकत किती, त्रास कोणता, हे त्यांनी स्वतः विचारावे. आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीस सांगावे.

दोन गोष्टी जपा. मुलगी पाहावयास व शिकावयास जाते, फुकट राबावयास नव्हे. जो तिला झाडू देऊन कोपऱ्यात उभी करील, त्याच्याकडे पुन्हा पाठवू नका. आणि अंधार पडण्यापूर्वी ती घरी यावी.

“लोक काय म्हणतील?” असे कोणी आईबाप म्हणतील. बंधूंनो, पती आजारी पडला किंवा पाऊस गेला, तर तेच लोक तिच्या पदरात दाणे टाकतील काय? देवाने दिलेला रुपया जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आपण जाणतो. आपल्या कन्येचे देणे आपण कोठे पुरून ठेविले आहे, ह्याचा हिशेब धन्यास एक दिवस द्यावयाचा आहे.

जो प्रभू नासरेथात सुताराच्या घरी वाढला, तो आपल्या कन्यांच्या हातांस आशीर्वाद देवो. आमेन.