आगोटीचा बाजार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या एका घरी पाटण तालुक्यातून बहीण माहेरपणाला आली होती. बरोबर दोन मुलं. मेहुणे आले नव्हते. 'सुट्टी मिळाली नसेल,' असं थोरल्या भावाने मनाशी ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवलेली गोष्ट माणूस पुन्हा कशाला विचारतो?

भाऊ मात्र हौशी. नोकरी सीप्झमध्ये, त्यामुळे वेळापत्रक अंगात मुरलेलं. बहीण यायच्या आधीच त्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्याचा तक्ता टाकला होता. सोमवारी आराम, कारण त्या दिवशी राष्ट्रीय उद्यानही बंद आणि घारापुरीही. मंगळवारी भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक, तिथून म्युझियम आणि गेटवे. बुधवारी कान्हेरी. गुरुवारी सिद्धिविनायक, संध्याकाळी मॉल. शुक्रवारी वॉटरपार्क, तिकिटं काढलेली. शनिवारी डोंबिवलीला मामेबहिणीचं केळवण. रविवारी परतीची एसटी.

खरं तर ही बहीण मरोळमध्येच लहानाची मोठी झालेली. तिला मुंबई दाखवायची म्हणजे गंमतच. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून भावाला ती कुणाला तरी दाखवायचीच होती, आणि भाचे होतेच.

आईचं मागणं एकच होतं. "पोरगी आलीये, तर बाजारातून तिची आगोट भरून देऊ."

"आई, सुकी मासळी आता घरपोच मिळते. मागवतो ना मी."

"घरपोच आलेला बोंबील मोडून बघता येतो का?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आई काही ऐकेना, तेव्हा त्याने तक्त्यात बदल केला : शुक्रवार, सकाळी ६ ते ६.४५, बाजार.

मंगळवार झाला. दमून मुलं झोपली. भाऊ बुधवारची गाडी ठरवत फोनवर होता. बुधवारी कान्हेरीच्या कातळावर ऊन तापलं होतं. शंभराच्या वर लेणी. भाऊ पुढे, भाचे मागे. एका विहाराशी बहीण थांबली. दाराजवळ कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्यात येईल अशी सोय त्या भिक्खूंनी केलेली.

"दादा, किती पुढचा विचार केलाय बघ यांनी. आमच्याकडे या वर्षी..."

"चल, चल. अडीचला गाडी सोडायचीये."

ती चालू लागली. गुरुवारी रांगेत बोलायला वेळ होता, पण रांगेत भाऊ पुढच्या दोन दिवसांचे फोन करत होता.

शुक्रवारी पहाटे तिघं बाजारात पोचली. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार जुना आहे. वेसावे, मढ, उत्तन अशा किनाऱ्यांवर वलांडीवर वाळलेले बोंबील इथे येतात, आणि मेअखेरीस तर पाय ठेवायला जागा नसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणजे एकसष्ट दिवस ताजं म्हावरं कमी आणि महाग. ज्याला पावसाळ्यात डब्यात काही हवं, त्याने आत्ताच यायचं. बोंबील, सोडे, जवळा, करदी, वाकट्या. आईने एक बोंबील उचलून मोडला, कट्‌कन आवाज आला तेव्हा मान डोलावली. जवळा मूठभर घेऊन तळहातावर चोळला, वाळू लागते का बघितलं. भावाने घड्याळ बघितलं. सहा पस्तीस.

कोळीण पिशवी उघडत बहिणीला म्हणाली, "बाय, घरान खानारी मानसा किती?"

"मी, सासूबाई आणि दोन पोरं. हे घरी नसतात आता. कारखाना बंद पडला, चाकणला कंत्राटावर गेलेत. महिन्यातून एकदा येतात." मग जरा थांबून, "शेकडा नको मावशी, पन्नासच द्या."

भावाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तीन दिवस तो बहिणीला घेऊन मुंबईभर फिरला होता. तिला उन्हात टोपी दिली, एसीत शाल दिली, तिकिटाला हात लावू दिला नाही. जे एका मासळीवालीला हिशेबासाठी विचारावंसं वाटलं, तेवढं त्याने विचारलं नव्हतं.

"शेकडाच दे," आई कोळणीला म्हणाली, आणि सोडे निवडायला लागली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?" त्याने हळूच विचारलं.

"मंगळवारी रात्री सांगितलं तिने. तू गाडी ठरवत होतास."

सव्वासात झाले तरी कुणी निघायचं नाव काढलं नाही. करदी घेतली, वाकट्या घेतल्या. कोळणीने मूठभर जवळा वरून टाकला. नाक्यावर तिघांनी चहा घेतला, आणि मेहुण्यांना चाकणला राहायला कुठे जागा मिळाली, पगार वेळेवर होतो का, मुलांच्या फीचं काय, हे एकेक करून भावाने विचारलं. बहिणीने सांगितलं. काही ठिकाणी ती अडली, तिथे तो थांबला.

वॉटरपार्कला भाचे वहिनीबरोबर गेले. त्यांचा हक्कच होता तो. भाऊ आणि बहीण घरी राहिले. डोंबिवलीला त्याने फोन करून सांगितलं, की शनिवारी उशिरा येऊ, जेवायला थांबू नका. केळवणाच्या घरी त्यावरून थोडी नाराजी झाली.

वॉटरपार्कची दोन तिकिटं वाया गेली. त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत.