तूप पाहण्याचा अधिकार

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय एकाच प्रश्नाभोवती फिरतो: यज्ञाचा अधिकार कोणाला? पूर्वपक्ष उदार आहे. यज्ञाचे फळ सुख, आणि सुख कोणाला नको? तेव्हा ज्याला ज्याला सुखाची इच्छा त्या सगळ्यांना अधिकार द्यावा, अगदी पशूंनाही, इथपर्यंत तो जातो. सिद्धांती हे मान्य करत नाही. विधी सर्व अंगांसह पार पाडू शकेल त्यालाच अधिकार, असे तो म्हणतो, आणि शबरस्वामींच्या भाष्यात त्याची उदाहरणे येतात. यजमानाने तूप पाहायचे असते. आंधळा ते पाहणार कसे? विष्णुक्रमाची पावले टाकायची असतात. पांगळा ती टाकणार कशी? अध्वर्यूची आज्ञा ऐकायची असते. बहिऱ्याला ती ऐकू कशी येणार? व्यंग बरे होण्याजोगे असेल तर गोष्ट वेगळी, कायमचे असेल तर वेगळी, अशीही चर्चा पुढे आहे. या साऱ्या मांडणीत आंधळ्या-पांगळ्यांविषयी तिरस्कार नाही, आणि म्हणूनच ती अस्वस्थ करते. कोणाच्या मनात काही वाईट नसताना माणसे मांडवाबाहेर राहतात ती एका साध्या गृहीतामुळे. विधी ठरलेला आहे, मोजायचे ते माणसाला.

आपली प्राथमिक शाळा हा असाच एक विधी आहे. फळा पाहायचा, बाईंचे बोलणे ऐकायचे, तासभर एका जागी बसायचे, दिलेल्या वेळात लिहून पाटी किंवा वही दाखवायची. यातले एखादे अंग ज्या मुलाला जमत नाही त्याच्यासाठी आपण दुसरा मांडव घातला आणि त्या मांडवाला दुसरे पुरोहित नेमले. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली, दादरची अंधशाळा 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी सुरू केली. ज्या काळात या मुलांना कोणतीच शाळा नव्हती त्या काळात हे काम फार मोठे होते, आणि त्याचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण पुढे या वेगळेपणाचा कायदा झाला. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992चा, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा 1993चा. विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम पहिलीकडे, बाकीच्या शिक्षकांचे दुसरीकडे. विशेष शाळा महाराष्ट्रात शिक्षण खात्याकडे नव्हत्याच. त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या आणि आता दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. एका मुलाच्या वाट्याला शिक्षण येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला कल्याण, ही विभागणी सरकारी फाइलींनी केली असली तरी तिच्यामागे एक जुने तत्त्वज्ञान उभे आहे. त्याचे नाव अधिकारभेद.

या पार्श्वभूमीवर प्राथमिक शिक्षण आणि विशेष शिक्षण यांची एकत्रित पदवी असावी का, हा प्रश्न पाहायला हवा. अमेरिकेत अनेक विद्यापीठांत अशी पदवी रुळली आहे. 1975च्या कायद्याने तिथे अपंग मुलांना सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षणाची हमी मिळाली, आणि शक्य तितके ते शिक्षण इतर मुलांसोबतच द्यावे असा दंडक आला. आज तिथली अशी जवळपास दोनतृतीयांश मुले शाळेचा बहुतेक दिवस सर्वसाधारण वर्गातच घालवतात. मग वर्गातल्या शिक्षकाला दोन्ही विद्या यायला हव्यात, हे ओघानेच आले. आपल्याकडे ही चर्चा बहुधा नोकरीच्या अंगाने होते: एका पदवीवर दोन दारे उघडतात का, एवढाच प्रश्न. माझ्या मते तिचा गाभा वेगळा आहे. एकत्रित पदवी पात्रतेची कसोटी मुलावरून उचलते आणि शिक्षकावर ठेवते. तूप पाहता येते का, हे मुलाला विचारायचे थांबवून, न पाहणाऱ्या मुलापर्यंत तूप पोचवता येते का, हे ती शिक्षकाला विचारते.

'अधिकार' हा शब्दच इथे दुटप्पी आहे. शास्त्रात त्याचा अर्थ पात्रता, व्यवहारात त्याचा अर्थ हक्क. 2009च्या कायद्याच्या मराठी नावात 'शिक्षणाचा हक्क' असा शब्द आहे आणि तो बरा आहे, कारण अरबीतून आलेल्या 'हक्का'ला पात्रतेची शेपटी चिकटलेली नाही. हक्क सिद्ध करावा लागत नाही, पात्रता करावी लागते. त्याच नावात आणखी एक शब्द आहे: सक्तीचे. आणि इथे मीमांसकच आपल्या मदतीला येतात. नित्यकर्म आणि काम्यकर्म यांत त्यांनी भेद केला. फळाच्या इच्छेने केलेले काम्यकर्म सर्व अंगांसहच व्हायला हवे, पण रोजचे चुकवता न येणारे नित्यकर्म जमेल तेवढ्या अंगांसह केले तरी ते झाले असे मानावे. ही सवलत तेव्हा कोणाला किती मिळाली तो भाग बाजूला ठेवू. तत्त्व खणखणीत आहे: जे टाळण्याची मोकळीक नाही, ते पूर्ण अंगांनिशीच करा असा हट्ट धरता येत नाही. सहा ते चौदा वर्षांचे शिक्षण राज्यानेच सक्तीचे केले असेल तर ते नित्यकर्म झाले. मग त्याच्या अंगांचे प्रमाण मुलागणिक बदलणे हे कोणाचे औदार्य उरत नाही, ते त्या कर्माचे स्वरूपच ठरते. आणि हे प्रमाण रोज, वर्गात उभे राहून ठरवणार कोण? आठवड्यातून एकदा फेरी मारणारा फिरता शिक्षक ते ठरवू शकत नाही.

इथे तत्त्वज्ञान सोडून जरा जमिनीवर यावे लागते. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता. अशा शाळेत विशेष शिक्षकाचे स्वतंत्र पद कधी निर्माण होईल याची वाट पाहणे म्हणजे त्या मुलाचे प्राथमिक वय संपण्याची वाट पाहणे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते योग्यच आहे. पण ज्या वाडीच्या शाळेत असे एकच मूल आहे तिथे हे प्रमाण लावले तर शिक्षकाचा एकदशांश भाग वाट्याला येतो. दुसरी गोष्ट, 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते एकवीस झाले. वाढलेल्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, वाचा आणि भाषेच्या अडचणी आहेत. यांतली पुष्कळ मुले विशेष शाळेच्या दारापर्यंत कधी जातच नाहीत. ती सर्वसाधारण वर्गात शेवटच्या बाकावर असतात आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा असतो. त्यांची अडचण पहिल्यांदा दिसू शकते ती वर्गशिक्षकालाच, आणि त्याला ती ओळखायला शिकवलेले नसते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शाळेवर एक अर्धा विषय आहे. अर्ध्या विषयात एकवीस प्रकार.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचाच आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ब्रेल, सांकेतिक भाषा, श्रवणयंत्राची देखभाल, स्वमग्न मुलाशी संवाद, यांतले प्रत्येक क्षेत्र वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहे. पुनर्वास परिषदेच्या पदविकासुद्धा म्हणूनच श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा शाखांत विभागलेल्या आहेत. नोंदणी नसलेल्याने हा व्यवसाय केला तर वर्षभरापर्यंतची कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद 1992च्या कायद्यात आहे ती उगीच नाही, भोंदूंपासून मुलांना वाचवायला आहे. एकत्रित पदवीने सगळ्यांना सगळ्याचे थोडेथोडे येईल आणि धड कोणालाच काही येणार नाही, ही भीती खरी आहे. याला जोडून आणखी एक मुद्दा निघतो. बी.एड. झालेले उमेदवार पहिली ते पाचवीला शिकवण्यास पात्र नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023मध्ये दिला. लहान मुलांना शिकवणे हीच जर वेगळी विद्या असेल, तर तिच्यात आणखी एक विद्या कशाला कोंबायची?

पण त्या निर्णयाचे तर्कशास्त्र नीट पाहिले तर ते उलट दिशेला नेते. शिक्षकाची पात्रता त्याच्या पदवीच्या उंचीवरून ठरत नाही, समोर बसलेल्या मुलाच्या गरजेवरून ठरते, हे त्याचे सार. समोर बसलेल्या मुलांत वाचताना अक्षरे उलटसुलट होणारे मूल असेल, एका कानाने कमी ऐकणारे असेल, तर त्यांची गरज त्या पात्रतेत यायलाच हवी. तज्ज्ञांविषयी बोलायचे तर एकत्रित पदवी त्यांना हटवू पाहत नाही. गावातल्या डॉक्टरला हृदयाची शस्त्रक्रिया येत नाही, पण छातीत दुखतेय म्हणून आलेल्याला तो 'हा माझा रोगी नव्हे' असे सांगत नाही. काय तपासायचे, कधी पाठवायचे, परत आल्यावर काय सांभाळायचे, एवढे त्याला येतेच, आणि एवढे न येणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणणार नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र 'हे मूल माझे नव्हे' हे वाक्य आपण व्यावसायिक प्रामाणिकपणा म्हणून खपवून घेतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020ने मधला मार्ग काढला: मूळ प्रशिक्षणादरम्यान किंवा नंतर, विशेष शिक्षणाची दुय्यम विशेषज्ञता प्रमाणपत्राने मिळवावी, आणि दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत मेळ असावा. मेळाची भाषा चांगली आहे. 'दुय्यम' हा शब्द मात्र सगळे सांगून जातो. आधी खरी मुले, मग वेळ उरला तर ही. वेदांतात ज्ञान आणि कर्म यांच्या समुच्चयाचा जुना वाद आहे. शंकराचार्यांनी तो समुच्चय नाकारला, कारण कर्ता-कर्म हा भेद धरल्याशिवाय कर्म होत नाही आणि भेद मावळल्याशिवाय ज्ञान होत नाही. अशा दोन गोष्टींची बेरीज होत नाही. टिळकांनी गीतारहस्यात त्याविरुद्ध बाजू मांडली. आपल्या प्रश्नात दोघांचेही ऐकण्यासारखे आहे. एकत्रित पदवी म्हणजे दोन अभ्यासक्रमांची पाने एका बाइंडिंगमध्ये बांधणे असेल, पहिल्या भागात 'सामान्य मूल' नावाचे एक गृहीत आणि दुसऱ्या भागात त्याचे अपवाद, तर आचार्यांचा आक्षेप तिथे लागू पडतो. ही दोन गृहीते एकमेकांना खोडतात. पण गणित शिकवण्याच्या पहिल्याच पाठात, हाताने मोजणारे, डोळ्यांनी मोजणारे आणि बोलून मोजणारे मूल एकत्र डोळ्यांसमोर ठेवून पाठाची आखणी शिकवली, तर दोन विद्या उरतच नाहीत. बहुवर्ग शाळेतला शिक्षक एका खोलीत तीन इयत्ता सांभाळताना हेच करत असतो. त्याला त्याचे शास्त्र कोणी दिलेले नसते, इतकेच.

विधी बदलण्याचे उदाहरण आपल्या भाषेच्या मुळाशीच आहे. 1290च्या सुमारास नेवाशात गीता मराठीत आली तेव्हा, संस्कृत न येणाऱ्या श्रोत्याला संस्कृत शिकून ये असे सांगितले गेले नाही. सांगणाऱ्याने आपली भाषा बदलली. याचे भाबडे कौतुक करायला नको. अपात्राला हे सांगू नये, हा गीतेतला भागही त्या ग्रंथात येतोच. तरीही भाषेपुरती कसोटी वक्त्याकडे सरकली, आणि तेवढ्याने केवढा फरक पडला हे आपण जाणतो. उलट एक चूक आपण वारंवार करतो. बाळपणीच दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज 1881 ते 1915 एवढ्या अल्प आयुष्यात दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन प्रचंड लेखन करून गेले, त्यांना आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि विषय संपवतो. अपवादाची आरती केली की नियमाची जबाबदारी टळते. 'दिव्यांग' या सरकारी शब्दातही मला हाच वास येतो. दिव्यत्व बहाल केले की रॅम्प बांधायचा राहिला तरी चालतो.

दुसरा मोठा आक्षेप कर्णबधिरांचा आहे, आणि त्याच्यापुढे माझा युक्तिवाद थोडा वाकतो. सांकेतिक भाषा ही संपूर्ण भाषा आहे. तिची ओळख संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातही नोंदलेली आहे. चाळीस बोलणाऱ्या मुलांत एकटे बसवलेले कर्णबधिर मूल, शिक्षकाला दोन-चार खुणा येत असल्या तरी, भाषेच्या दृष्टीने अनाथ राहू शकते. त्याला आपली भाषा बोलणारे सवंगडी हवेत. तेव्हा कर्णबधिरांची स्वतंत्र शाळा हा अधिकारभेद मानता येणार नाही. मराठी माध्यमाची शाळा जशी भाषेची शाळा, तशी ती. 2016च्या कायद्यानेही ठरावीक मुलांना जवळची शाळा किंवा विशेष शाळा अशी निवड ठेवली आहे. इथे भेद एवढाच पाहायचा की निवड मूल आणि पालक करतात, की शिक्षकाच्या अज्ञानामुळे ती त्यांच्यावर लादली जाते. शेजारच्या शाळेत कोणालाच काही येत नसेल तर त्याला निवड म्हणणे ही थट्टा झाली.

एक बाजू अजून उरते, आणि या सगळ्या चर्चेत ती क्वचितच येते. कसोटी शिक्षकावर सरकली तर शिक्षक व्हायला कोण पात्र? 2016च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा अपंगांसाठी आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण ठेवले आहे. म्हणजे उद्याच्या एकत्रित पदवीच्या वर्गात एखादी दृष्टिहीन छात्राध्यापिका असणारच. मुलांना स्पर्शाने भूमिती शिकवण्यात ती कदाचित वर्गातल्या सगळ्यांपेक्षा तरबेज असेल. पण अध्यापन कौशल्यांच्या यादीत फलकलेखन असते, त्याला गुण असतात, आणि निरीक्षणाच्या तक्त्यात 'अक्षर सुवाच्य, ओळी सरळ' असा रकाना असतो. तिच्या पाठाला मागच्या बाकावर बसलेला परीक्षक त्या रकान्यापाशी पेन घेऊन थांबेल, आणि शबरस्वामींच्या यजमानासमोर ठेवलेले ते तुपाचे भांडे पुन्हा एकदा तिच्यासमोर येईल.