सोडून जाताना

निष्ठा हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. विवाहवेदीपुढे दिलेल्या वचनाला आपण निष्ठा म्हणतो, आणि वर्षानुवर्षे एकाच दुकानातून किराणा आणण्यालाही निष्ठाच म्हणतो. परिणाम असा, की एखादा मनुष्य एक चाकरी सोडून दुसरी धरतो, तेव्हा त्याला कोणत्या तराजूत तोलावे हे आपणांस उमगत नाही. कोणी त्याला बेइमान म्हणून मोकळा होतो, तर कोणी ‘जग असेच आहे’ म्हणून खांदे उडवतो. मला ही दोन्ही मते आळसाची वाटतात.

आमच्या ब्रह्मपुरीच्या पंचक्रोशीत या प्रश्नाचा जुना सराव आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली, की इकडे शंकरपट भरतात. पटाची जोडी एकाची असते. ती हाकणारा धुरकरी पुष्कळदा दुसराच कोणी असतो. नावाजलेल्या धुरकऱ्याला यंदा हा मालक बोलावतो, पुढल्या साली तो. रात्री त्याच गावात नाटक उभे राहते. वैनगंगा ओलांडली की वडसा लागते. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीच्या रात्री जागवणारे हे कलावंत एका हंगामात एका कंपनीत असतात, तर दुसऱ्या हंगामात दुसरीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधली वर्षे जोड्या गोठ्यात होत्या, पण नाटके चालूच राहिली आणि कलावंतांचे येणे-जाणेही चालू राहिले. त्यांच्यापैकी कोणालाही लोक बेइमान म्हणत नाहीत. ज्याने इसार घेतला आणि हंगामाच्या मध्यावर कंपनी सोडली, त्याच्याविषयी मात्र चहाच्या टपरीवर बरेच काही ऐकू येते. खेड्यातील माणसाला करार आणि निष्ठा यांतील फरक वाचून कळलेला नसतो, पण तो कळलेला असतो एवढे खरे.

हे सारे सांगण्याचे कारण थोडे निराळे आहे. आमच्या धर्मग्रामातील युवकांना मोटारींच्या शर्यतीचे वेड लागलेले आहे. ब्रह्मपुरीच्या रस्त्यांवर ताशी चाळीसच्या वर गाडी नेणे धाडसाचे असताना त्यांना ताशी तीनशे किलोमीटरच्या गोष्टी सुचाव्यात, हे वयाला धरूनच आहे. १ फेब्रुवारी २०२४ रोजी लुईस हॅमिल्टन २०२५ पासून मर्सिडीज सोडून फेरारीकडे जाणार असल्याचे जाहीर झाले, आणि आमच्या युवकांच्या सभेत दुसरा विषयच निघेना. मर्सिडीजने त्याला सहा विश्वविजेतेपदे मिळवून दिली आणि हा चालला, असे एकाचे म्हणणे. त्याने मर्सिडीजला ती मिळवून दिली, असे दुसऱ्याचे. वाद अर्थातच मिटला नाही. पण दोघांचीही वाक्ये तपासून पाहण्यासारखी आहेत, कारण ‘कोणी कोणाला दिले’ हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरविले होते.

वस्तुस्थिती अशी, की हॅमिल्टनने ऑगस्ट २०२३ मध्ये दोन वर्षांचा करार केला होता आणि त्यात एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा होती. ती त्याने वापरली. मात्र २०२४ चा संपूर्ण हंगाम तो मर्सिडीजसाठी चालवीत राहिला आणि त्या वर्षी त्याने शर्यतीही जिंकल्या. जाणार हे ठाऊक असताना मन लावून काम करणे सोपे नसते. आम्हां धर्मगुरूंनाही बदलीचे पत्र हाती आल्यावर उरलेले महिने कसे जातात याचा अनुभव आहे! पण आमचे युवक एका माणसाचा विचार करायचे विसरले. फॉर्म्युला वनमध्ये त्या काळी दहा संघ आणि वीसच जागा होत्या. हॅमिल्टन ज्या खुर्चीवर बसणार होता, तेथे कार्लोस साइन्झ बसलेला होता. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला आपली जागा गेल्याचे कळले. त्याने त्या हंगामात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच आठवड्यांनी ऑस्ट्रेलियाची शर्यत जिंकून दाखविली, आणि तरीही त्याला विल्यम्स या मागे पडलेल्या संघाकडे जावे लागले. जाणाऱ्याचा आणि सोडलेल्याचा हिशेब आपण करतो. ज्याला उठविले जाते तो बहुधा हिशेबाबाहेर राहतो.

याहून अधिक शिकविणारी कथा आपल्या देशाचे नाव घेऊन धावलेल्या संघाची आहे. विजय मल्ल्या यांनी एका डच भागीदारासह २००७ मध्ये स्पायकर हा संघ विकत घेतला आणि २००८ पासून तो ‘फोर्स इंडिया’ या नावाने धावू लागला. त्याचा कारखाना इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला होता. ३० ऑगस्ट २००९ रोजी बेल्जियमच्या शर्यतीत जान्कार्लो फिसिकेला याने सर्वांच्या पुढून सुरुवात केली आणि तो दुसरा आला. दीड वर्ष एकही गुण नसलेल्या संघाला मिळालेले हे पहिले गुण! आणि पुढच्याच शर्यतीला तो फेरारीच्या गाडीत बसलेला होता. फेरारीचा चालक फेलिपे मासा अपघातात जखमी झाला होता, त्याच्या जागी ही बोलावणी आली. इटलीत जन्मलेल्या मुलाने लाल गाडीचे स्वप्न पाहावे यात नवल नाही. संघाने त्याला मोकळे केले. त्या हंगामाच्या उरलेल्या पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. कोणी म्हणेल, हा न्याय झाला. मला त्यात न्याय दिसत नाही, कारण त्याने चोरून काही केले नव्हते. विचारून गेला, आणि मालकाने जा म्हटले. अपयश हे पापाचे फळ मानण्याची घाई ईयोबच्या मित्रांनीही केली होती.

मल्ल्यांच्या उदारपणाची दुसरी बाजूही याच काळातली आहे. त्यांच्या किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांना कित्येक महिन्यांचे वेतन मिळालेले नव्हते. शर्यतीच्या गाड्या मात्र धावत होत्या. एका घरात एकाला मोकळ्या मनाने निरोप आणि दुसऱ्याला पगारही नाही, हे ज्या मालकाला जमते त्याच्या उदारपणाला कोणते नाव द्यावे, ते वाचकांनी ठरवावे.

या संघाची खरी कसोटी २०१८ च्या जुलैमध्ये लागली. पैसा संपला होता. संघाकडे येणे असलेला एक देणेकरी न्यायालयात जाऊन संघ कायमचा बंद पाडील अशी भीती होती. त्या वेळी संघाचा चालक सर्जिओ पेरेझ, मेक्सिकोचा, त्याचेही संघाकडे येणे होते. संघातील मंडळींच्या विनंतीवरून त्याने स्वतः न्यायालयात अर्ज केला आणि २७ जुलैला संघ प्रशासकांच्या हाती गेला. ऐकायला हे भयंकर वाटते: ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्यावरच दावा! परंतु विसर्जन आणि प्रशासन यांत फरक आहे. प्रशासक कारखाना चालू ठेवून खरेदीदार शोधतात. त्यामुळे चारशेहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या आणि लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला. पेरेझ कोणाशी निष्ठ राहिला? मालकाशी नाही. पण ‘संघ’ म्हणजे मालक असे कोणी ठरविले? लोहारकाम करणारे, संगणकावर रेखाटने करणारे, चाके बदलणारे, या सर्वांना वगळून संघ म्हणून उरते ते केवळ एक नाव असते. तेही पुढे बदलले: रेसिंग पॉइंट, आणि २०२१ पासून अॅस्टन मार्टिन.

पुढे काय झाले ते पाहावे. नव्या मालकाचा मुलगा लान्स याला एक जागा मिळाली, आणि एस्तेबान ओकॉन हा गुणी तरुण २०१९ च्या हंगामात विनाजागा राहिला. पेरेझशी २०२२ पर्यंतचा करार झाला; सप्टेंबर २०२० मध्ये तो मोडून सेबॅस्टियन फेटलला घेतल्याचे जाहीर झाले. ज्याने संघ वाचविला त्यालाच संघाने काढले. करारात सोडचिठ्ठीचे कलम होते, म्हणून कायद्याने काही चुकले नाही. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत धक्का लागून पेरेझ सर्वांत मागे पडला आणि तेथून पुढे येत, १९० व्या शर्यतीत, आयुष्यातली पहिली शर्यत जिंकला. तोवर पुढच्या वर्षाची जागा त्याच्याजवळ नव्हती. बारा दिवसांनी रेड बुलने त्याला घेतले. त्याच रेड बुलने २०२४ च्या अखेरीस, दोन वर्षांची मुदतवाढ देऊन सहा महिने झालेले असताना, त्याला निरोप दिला.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर, खालच्या श्रेणीची एक शर्यत मुंबईच्या जहान दारूवाला याने जिंकली. फोर्स इंडियाने २०११ मध्ये देशभरातून निवडलेल्या तीन मुलांपैकी तो एक. त्यानंतर कार्लिन, प्रेमा, एमपी असे संघ बदलत, मध्ये रेड बुलच्या शिकाऊ तुकडीत राहून, तो २०२४ च्या विजेच्या मोटारींच्या हंगामात माझेराटीसाठी धावला. फॉर्म्युला वनची जागा त्याला मिळाली नाही. त्याच्या संघबदलांना कोणी चंचलपणा म्हणू शकेल काय? शिडीची पायरी सोडल्याखेरीज वर जाता येत नाही.

गुरुकुलात नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक विवेचन वाचले होते. वचन देताना ते पाळण्याचा खरा हेतू असेल तर तो खोटेपणा नव्हे. आणि माणसांची वा गोष्टींची स्थिती मुळातून पालटली तर वचन न पाळणारा दोषमुक्त होऊ शकतो, असे ते सांगतात. दाखला देतात तो संत पौलाचा. पौलाने करिंथला येण्याचे कबूल केले आणि तो गेला नाही. लोकांनी त्याला लहरी ठरविले. यावर पौल आपल्या पत्रात कारण सांगतो, लपवत नाही. त्यांना दुःख होऊ नये म्हणून आपण आलो नाही, असे कळवितो. अक्वायनस यांची मुभा फार मोठी आहे, म्हणून ती जपून वापरावी लागते. ‘स्थिती पालटली’ हे वाक्य जास्त पगाराच्या पत्राइतके सहज तयार मिळते. स्थिती पालटली की नुसती माझी भूक वाढली, हे ज्याचे त्याने देवापुढे विचारावे. आणि विवाहाचे वचन या हिशेबात मुळीच बसत नाही, कारण तेथे मुदतीचे कलम नसते. सुखदुःखात, आजारपणात, म्हणजे स्थिती पालटेल हे धरूनच ते दिलेले असते.

मागील हिवाळ्यात आमच्याकडील एक तरुण असाच प्रश्न घेऊन आला. धानाच्या गिरणीतील ट्रकवर तो क्लीनर म्हणून लागला, तेथेच गाडी शिकला, मालकाने परवान्याचे पैसे भरले. आता नागपूरच्या एका वाहतूक कंपनीने दीडपट पगार देऊ केला होता, पण आठ दिवसांत हजर व्हायचे होते, आणि गिरणीचा हंगाम ऐन भरात होता. ‘फादर, शिकवल्याचे ऋण किती वर्षांत फिटते?’ असे त्याने विचारले. मी त्याला वर्षे सांगितली नाहीत. आई आजारी आहे काय, कर्ज आहे काय, हे विचारले. दोन्ही नव्हते. मग मी म्हटले, मालकाला आजच जाऊन सांग, आणि कंपनीकडे महिना माग. दिला नाही तर पुन्हा ये. कंपनीने पंधरा दिवस दिले. त्या पंधरा दिवसांत त्याने गिरणीतल्या दुसऱ्या पोराला सोबत घेऊन आरमोरी-गडचिरोलीच्या फेऱ्या केल्या, कोणत्या पुलावर गाडी कशी घ्यायची ते दाखविले. परवान्याचे पैसे परत करू लागला तेव्हा मालकाने ते घेतले नाहीत, पण निरोपाचा चहाही पाजला नाही. तरुणाला याचे वाईट वाटले. मला मालकाचेही चुकले असे वाटत नाही. ज्याला शिकविले तो जातो तेव्हा दुखते, आणि ते दुखणे चहाने झाकण्याची सक्ती कोणावरही नाही. येत्या हंगामात नव्या पोराला तो ट्रक शिकवील की नाही, हे अद्याप ठरलेले नाही.